मेणातली हिरवी रेघ

फरीदा मुजावरनं तिसऱ्यांदा तपासणी लावली आणि तिसऱ्यांदाही उत्तर तेच आलं, तेव्हा ती स्वतः उठून डॉ. शैलजा उपळेकरांच्या खोलीत गेली. एरवी ती निकाल नुसते पडद्यावर पाठवून द्यायची.

"मॅडम, एक तफावत निघालीय. जरा येऊन बघता का?"

"आजची कितवी?"

"सहावी. पण ही..." फरीदा घुटमळली. "जुन्या अहवालावर सही तुमची आहे."

शैलजाबाई हसल्या. मिरजेच्या त्या रुग्णालयात त्या एकतीस वर्षं पेशीतज्ज्ञ होत्या. निम्म्या अहवालांवर त्यांचीच सही असायची. "कधी ना कधी माझी चूक निघायचीच होती. चल, बघू."

'उजाळा' प्रकल्पाला तेव्हा चार महिने झाले होते. रुग्णालयाच्या तळघरात तीस वर्षांचे मेणाचे ठोकळे रचून ठेवलेले होते. प्रत्येक ठोकळ्यात कुणाच्या तरी शरीराचा एक तुकडा. त्यातले त्वचेवरच्या फोडांचे जेवढे ठोकळे होते, तेवढे बाहेर काढून नव्यानं तपासायचे, असं ते काम होतं.

आपली त्वचा दोन थरांची. वरच्या थरात पेशी विटांसारख्या एकीवर एक बसलेल्या, आणि प्रथिनांच्या टाचण्यांनी एकमेकींना जोडलेल्या. हा सबंध थर खालच्या थराला एका पातळ पडद्यानं चिकटलेला. काही माणसांची रोगप्रतिकार यंत्रणा बिथरते आणि जंतूंवर सोडायची प्रतिपिंडं ती या जोडणीवरच सोडते. जोड सुटतो, फटीत पाणी भरतं आणि बाहेरून दिसतो तो फोड. पेशी एकमेकींपासून सुटल्या तर आजार एक, सबंध वरचा थर उचलला गेला तर आजार दुसरा, आणि दोन्हींची औषधं निराळी. नुसत्या डोळ्यांना मात्र फसायला होतं. नागिणीचा फोड, किडा चावल्याचा फोड, भाजल्याचा फोड आणि हा फोड, सगळे सारखेच दिसू शकतात.

खात्री करायची रीत जुनीच होती. फोडाच्या कडेचा मसुराएवढा तुकडा काढायचा, त्यावर चमकणारा रंग जोडलेलं द्रावण सोडायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचं. प्रतिपिंडं चिकटली असतील तिथे हिरवा उजेड दिसतो. काही आजारांत तो मासेमारीच्या जाळ्यासारखा पसरतो, काहींत एक सरळ रेघ उमटते. अडचण एवढीच होती की त्यासाठी तुकडा ताजा आणि थंड ठेवलेला लागायचा. फॉर्मॅलिनमध्ये बुडवून मेणात बसवलेल्या तुकड्यातल्या प्रथिनांना अशा गाठी पडायच्या की रंग कुठे धरायचाच नाही. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेनं या गाठी अलगद सोडवणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, तयार केलं, त्यालाच 'उजाळा' म्हणत. त्यानंतर कितीही जुना ठोकळा असो, काल काढल्यासारखा वाचता येऊ लागला. यंत्र दिवसाला चारशे ठोकळे वाचायचं आणि जुन्या अहवालाशी ताडून पाहायचं.

शैलजाबाईंनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. काळ्याभोर पार्श्वभूमीवर दोन थरांच्या मधोमध एक हिरवी रेघ होती. बारीक, अखंड, कुठेही न थरथरता ओढल्यासारखी.

"आयजीए?" त्यांनी विचारलं.

"फक्त आयजीए. बाकी सगळं कोरं."

आयजीए हा प्रतिपिंडांचा एक प्रकार. तो एकटाच असा रेघेत बसला, म्हणजे लिनिअर आयजीए आजार. लहान मुलांना होतो. मांड्यांवर, ओटीपोटावर, तोंडाभोवती फोडांची माळ उठते, जुन्या फोडाभोवती नव्यांचं कडं बसतं. विरळा, पण पाठ्यपुस्तकात असतोच.

"जुना अहवाल काय म्हणतो?"

फरीदानं कागद पुढे सरकवला. मुलगी, वय चार. ईश्वरी दत्तात्रय काशीद. खाली टंकलेली एकच ओळ होती: 'भाजल्याच्या जखमेशी सुसंगत.' त्याखाली सही.

शैलजाबाईंनी चष्मा काढला. तो दिवस त्यांना आठवला, आणि तो इतका स्वच्छ आठवला याचीच त्यांना भीती वाटली.

सतरा वर्षांपूर्वीची, २०२८ सालची गोष्ट. त्या मुलीची आई एका वसाहतीच्या फाटकाशी इस्त्रीची गाडी लावायची. नवरा अपघातात गेलेला. अंगणवाडीत पोरीच्या मांड्यांवर गोल-गोल फोड दिसले आणि तक्रार झाली. इस्त्री करणारी बाई आणि पोरीच्या अंगावर फोड, कुणाला आणखी काही विचारायची गरज वाटली नाही. त्वचाविभागातल्या एका शिकाऊ डॉक्टरला मात्र शंका आली होती. त्यानं तुकडा काढला आणि अर्जावर लिहिलं, 'चटके? की लिनिअर आयजीए?' अर्धा तुकडा बर्फातून दुसऱ्या शहरात पाठवावा, अशी त्यानं विनंतीही केली होती. त्याचं उत्तर यायला दहा दिवस लागले असते. दारात पोलीस उभा होता. शैलजाबाईंनी काच पाहिली. वरचा थर भाजलेला नव्हता, पेशी शिजल्यासारख्या दिसत नव्हत्या, हे त्यांना तेव्हाही दिसलं होतं. फटीत पांढऱ्या पेशींची गर्दी होती. त्यांनी मनाशी म्हटलं, जंतुसंसर्ग झाला असेल. काच पाहण्याआधी त्यांनी अर्ज वाचला होता, आणि अर्जातला 'चटके' हा शब्द त्यांच्या डोळ्यांत जाऊन बसला होता. तुकडा पाठवायची गरज नाही, असं त्यांनी त्या पोराला सांगितलं.

आईला चार वर्षांची शिक्षा झाली. मुलगी आत्याकडे दिली गेली. एवढं वर्तमानपत्रात आलं होतं. ते वाचून शैलजाबाईंना समाधान वाटलं होतं, आणि आता सगळ्यात जास्त तेच टोचत होतं.

डॉ. हेर्लेकर रुग्णालयाचे अधिष्ठाता. शैलजाबाईंचं सगळं ऐकून घेतल्यावर ते बराच वेळ पेनाचं टोपण काढघाल करत राहिले.

"शैलजाताई, प्रकल्पाला परवानगी मिळाली ती रुग्णांची नावं झाकायच्या अटीवर. फरीदाला नाव दिसलंच कसं?"

"जुना अहवाल काढल्याशिवाय ताडून कसं बघणार? आणि नाव नसतं तरी मी ओळखलं असतं."

"आतापर्यंत तफावती किती?"

"दोनशे चाळीस."

"एक उघडलंत की दोनशे चाळीस उघडावे लागतील. कुणाला वर्षानुवर्षं चुकीचं मलम दिलं गेलं, कुणी त्यातच गेलं. त्यांच्या घरचे उद्या दारात येतील."

"येऊ देत."

"आपल्या दारात येतील ते सोडा. बाकीच्या दवाखान्यांचं काय?" हेर्लेकरांचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "जुना ठोकळा साक्ष देऊ शकतो, हे एकदा कळलं की लोक तळघरं रिकामी करतील. जाळून टाकतील सगळं. मग या आजारांचा अभ्यास कशावर करणार? पुढच्या पोरांचं निदान तरी कसं सुधारणार?"

हे खोटं नव्हतं.

"या दोनशे चाळिसांत," त्या शेवटी म्हणाल्या, "माझ्या सहीनं तुरुंगात गेलेली ही एकच आहे. निदान हिला तरी मला सांगावंच लागेल."

"मी परवानगी देत नाही," हेर्लेकर म्हणाले. मग टोपण लावत म्हणाले, "आणि अडवतही नाही."

ईश्वरीच्या आईच्या जुन्या वकिलाकडून पत्ता मिळाला. तासगावच्या बाहेर बेदाण्याचं एक मोठं शेड होतं. रंगानुसार निवड यंत्रच करायचं. देठ आणि काड्या वेचायला मात्र सरकत्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना बायका बसलेल्या असायच्या. मुकादमानं बोटानं दाखवलं. पन्नाशीला टेकलेली, अंगानं वाळलेली, डोक्याला टॉवेल बांधलेली बाई.

"सुगंधा काशीद तुम्हीच का?"

"व्हय."

"मी डॉक्टर शैलजा उपळेकर. मिरजेहून आलेय."

सुगंधाचे हात थांबले नाहीत. "वळखलं," ती म्हणाली. "कोर्टात पिवळी साडी नेसून आला हुता. धा मिनिटांत बोलून गेला."

शैलजाबाईंना साडी आठवत नव्हती.

दोघी शेडच्या मागे सावलीत बसल्या. शैलजाबाईंनी घोकून आणलेलं सगळं सांगितलं. मेणाचा ठोकळा, नवं विकर, रेघ. ईश्वरीला आजार होता, तिचं शरीरच तिच्या कातडीवर उठलं होतं. फोड आतून आले होते. "तुम्ही तिला चटके दिले नव्हते," त्या म्हणाल्या.

"ते मला म्हाईत हाय," सुगंधा म्हणाली.

शैलजाबाईंनी मान खाली घातली. "माझी चूक झाली."

"चूक आमटीत मीठ जास्त पडलं की म्हणत्यात, डॉक्टरबाई."

पलीकडे ट्रकमध्ये खोकी चढत होती. सुगंधा कपाळाला आठ्या घालून तिकडे बघत राहिली. ती काही तरी जुळवत असावी, कारण मग तिनं अगदी सावकाश विचारलं, "ह्यो आजार किती दिस ऱ्हातो?"

"औषध नसलं तर दोन-तीन वर्षं. मग मुलं मोठी होतात तसा बहुतेकांचा आपोआप जातो."

"मंजी मी आत गेल्यावर बी तिला फोड येत असणार."

गेला आठवडाभर हा विचार शैलजाबाईंच्या डोक्यात आला नव्हता. त्यांनी फक्त काच पाहिली होती. काचेच्या पलीकडे ती पोर जगत होती, तिचा आजार चालू होता, आणि तो कुणाच्या तरी डोळ्यांसमोर चालू होता.

"हो," त्या म्हणाल्या. "येतच असणार."

"मी तिकडं कळंब्याच्या तुरुंगात, आणि पोरीला नवं फोड. मंजी तिच्या आत्यानं, मालननं बघितलं. बघितलं आणि गप ऱ्हायली." सुगंधानं डोक्याचा टॉवेल सोडला, झटकला, पुन्हा बांधला. "माझ्या पोरीला जाऊन सांगा. मी सांगितलं तर आईनं रचलंय म्हणंल. दोनदा गेलते मी. दोन्ही बारीला दार लावून घेतलं तिनं. तुमीच लिवलंय, तुमीच सांगा."

ईश्वरी एकवीस वर्षांची झाली होती आणि जयसिंगपुरात एका चष्म्याच्या दुकानात काम करत होती. रविवारी सकाळी शैलजाबाई घरी पोचल्या तेव्हा दार तिनंच उघडलं. आत्या, मालनबाई, आत कोथिंबीर निवडत बसल्या होत्या. डॉक्टर आलेत म्हटल्यावर त्या लगबगीनं पाणी घेऊन आल्या. मिरज म्हटल्यावर तांब्या हातातच राहिला.

शैलजाबाईंनी या वेळी पाठ केलेलं बोलणं वापरलं नाही. सूक्ष्मदर्शकातला फोटो टेबलावर ठेवला आणि थोडक्यात सांगितलं.

ईश्वरी फोटोकडे बघत राहिली. मग म्हणाली, "माझ्या अंगावर डाग का नाहीत, हे मला कुणी कधीच सांगू शकलं नाही. मी आरशात शोधायचे. आत्या म्हणायची, तिच्या पाल्याच्या रसानं डाग गेले."

"या आजारात डाग राहत नाहीत," शैलजाबाई म्हणाल्या. "भाजलं असतं तर राहिले असते."

"आत्या." ईश्वरी वळली. "मग ती सुई कशाची होती?"

"कसली सुई?"

"तू सुई दिव्यावर धरायचीस. माझ्या पोटावरचे फोड फोडायचीस आणि मला श्लोक म्हणायला लावायचीस. मी तेव्हा शाळेत जात होते. नवीन दप्तर होतं, हत्तीचं. मी पहिलीत होते, आत्या. आई जाऊन दोन वर्षं झाली होती."

मालनबाईंनी तांब्या खाली ठेवला. "पहिल्यांदा मला वाटलं, आतली आग वर येतीया," त्या म्हणाल्या. "देवाशपथ तसंच वाटलं. मग वरीस झालं, दीड वरीस झालं. कळाय लागलं मला. पर तवर तू..."

"मी काय?"

"तवर तू माझ्या कुशीत झोपाय लागली हुतीस. दवाखान्यात न्हेलं असतं तर सगळं निघालं असतं. तुला काढून घेतलं असतं."

"आणि मी रडायचे ते?"

मालनबाई तिथेच, कोथिंबिरीच्या कागदाशेजारी, जमिनीवर बसल्या. ईश्वरी त्यांच्याकडे गेली नाही. उठून बाहेरही गेली नाही. खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. शैलजाबाईंना वाटलं, आपण निघावं. मग वाटलं, इतक्या लवकर निघणं हे पुन्हा दहा मिनिटांत बोलून जाण्यासारखंच होईल. त्या दुपारपर्यंत बसून राहिल्या. मध्येच एकदा ईश्वरीनं फोटोवर बोट ठेवून विचारलं, "ही रेघ आता माझ्यात आहे का?" आणि शैलजाबाईंनी सांगितलं की बहुधा नसेल, पण हवं तर तपासता येईल. ईश्वरी नको म्हणाली.

उच्च न्यायालयात अर्ज गेला. सुनावणीला आठ महिने लागले. यंत्राचा निकाल पुरावा म्हणून धरावा की नाही यावरच चार तारखा गेल्या. दोन स्वतंत्र प्रयोगशाळांत त्याच ठोकळ्याचे काप पाठवले गेले, आणि दोन्हीकडून तेच उत्तर आलं. शेवटी सरकारी वकिलानं शैलजाबाईंना विचारलं, "हे नवं तंत्र तेव्हा नव्हतं. मग तेव्हाच्या ज्ञानाप्रमाणे तुमचा अहवाल बरोबरच होता, असं म्हणायचं ना?"

ही सुटायची वाट होती. वकिलानं ती जवळजवळ आदरानं पुढे केली होती.

"नाही," त्या म्हणाल्या. "वरचा थर भाजलेला नव्हता, हे मला तेव्हाही दिसलं होतं."

"मग तसं लिहिलं का नाही?"

"काच बघायच्या आधी मी अर्ज वाचला होता."

शिक्षा रद्द झाली. भोगून झालेली शिक्षा रद्द होते म्हणजे नक्की काय होतं, हे सुगंधानं तिच्या वकिलाला विचारलं. त्याला ते सांगता येईना. बाहेरच्या व्हरांड्यात ती शैलजाबाईंच्या शेजारून गेली. तिनं पाहिलं, ओळख दाखवली नाही आणि पुढे गेली.

हेर्लेकर म्हणाले होते, तेही खरं झालं. महिनाभरात आसपासच्या तीन खाजगी प्रयोगशाळांनी जागा अपुरी पडते म्हणून दहा वर्षांपूर्वीचे सगळे ठोकळे नष्ट केले. 'उजाळा' प्रकल्प थांबवण्यात आला. पुढे तो सुरू झाला तो नव्या नियमानं: तफावत निघाली तर रुग्णाला कळवायचं. पण तोवर किती जणांच्या तुकड्यांची राख झाली होती, ते कुणी मोजलं नाही. शैलजाबाईंना विभागप्रमुखपदावरून दूर केलं गेलं. निवृत्तीला चार महिने राहिले होते. त्या रोज येत आणि फरीदाशेजारी बसून पत्रं लिहीत. 'आपल्या वडिलांच्या २०२९ सालच्या तपासणीत...' काही पत्रं पत्ता सापडला नाही म्हणून परत येत. काहींना उत्तरं येत, आणि ती वाचायला बसण्याआधी शैलजाबाई पाणी पीत.

एका दुपारी ईश्वरी सुधारित अहवालाची प्रत न्यायला आली. तिनं सही केली, कागद पिशवीत ठेवला, पण निघाली नाही.

"मी गेले होते तासगावला," ती म्हणाली. "त्यांनी विचारलं, जेवलीस का. मी हो म्हणाले. जेवले नव्हते. मग काय बोलायचं तेच कळेना, बस पकडून परत आले."

"आणि?"

"पुढच्या रविवारी परत गेले. परत तेच विचारलं. या वेळी नाही म्हणाले."

फरीदानं मान वर केली नाही, पण तिचा टंकफलकावरचा हात थांबला.

"आत्या कशा आहेत?" शैलजाबाईंनी विचारलं.

"घरीच आहे. मी पण तिथेच राहते. बोलणं होत नाही. डबा करून देते, मी नेते." ईश्वरीनं पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळला. "तासगावला त्यांनी तुम्हाला एक विचारायला सांगितलंय. या आजाराला तेव्हा औषध होतं का?"

शैलजाबाईंना खोटं बोलता आलं असतं. विरळा आजार होता, औषधं नवी होती, काहीही सांगता आलं असतं.

"होतं," त्या म्हणाल्या. "डॅप्सोनची गोळी. कुष्ठरोगावर देतात, फार जुनी आहे. काही दिवसांत तुला नवे फोड येणं थांबलं असतं."

"कुठे मिळायची?"

"इथेच. खाली, औषधांच्या खिडकीवर. फुकट."

ईश्वरीनं मान हलवली, पिशवी खांद्याला लावली.

"आईला सांगते," ती म्हणाली, आणि जिना उतरून गेली.